मीठ लावलेल्या काकडीपासून सुरुवात कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स, जीवशास्त्र इंग्रजीतून, पुढे सीईटी आणि नीट द्यायची आहे. व्याख्या तोंडपाठ आहेत. पण चाचणीत "पाण्यात फुगलेल्या मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाकल्या तर काय होईल आणि का?" असं विचारलं, तेव्हा तू परासरणाची, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून होणाऱ्या पाण्याच्या ये-जाची, व्याख्या एकही शब्द न चुकता लिहिलीस आणि तुला एकही गुण मिळाला नाही. गुणसूत्रं मोजताना घोळ होतो, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण एकमेकांत मिसळतात. आणि तू विचारतेस, "मॅडम, सुरुवात कुठून करू?"

मी 27 वर्षं तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आहे आणि दर जून महिन्यात तुझ्यासारख्या मुली माझ्यासमोर बसतात. त्यांना मी पहिल्या दिवशी जे सांगते तेच तुला सांगते. व्याख्येपासून सुरुवात करू नकोस. आधी प्रसंग डोळ्यांसमोर आण आणि स्वतःला तीन गोष्टी विचार: इथे हलतंय काय, कुठून कुठे चाललंय, आणि त्याला अडवतंय कोण? उत्तराचा अंदाज वहीत लिही. मग पुस्तक उघड. अकरावीच्या जीवशास्त्रातला बराच मोठा भाग कशाची तरी ये-जा आहे. कधी पाण्याची, कधी गुणसूत्रांची, कधी कार्बनची. ती ये-जा दिसायला लागली की व्याख्या तुला स्वतःच्या शब्दांत रचता येते, आणि अशी रचलेली व्याख्या परीक्षेच्या हॉलमध्ये विसरत नाही.

त्याआधी मराठी माध्यमाची भीती. ती सोडून दे, कारण तुझ्याकडे असं काही आहे जे इंग्रजी माध्यमातल्या मुलांकडे नसतं. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द त्यांना पाठ करावा लागतो. ग्रीकमध्ये 'मायटॉस' म्हणजे धागा आणि 'कॉन्ड्रिऑन' म्हणजे कण. तू आठवी-नववीत काय शिकलीस? तंतुकणिका. अर्थ तुझ्या शब्दातच आहे. मायटॉसिस हा शब्दही त्याच धाग्यावरून आला. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने पेशींना रंग देऊन विभाजन पाहिलं, त्याला केंद्रकात धागे दिसले आणि 1882 मध्ये त्याने हे नाव वापरलं. आपण म्हणतो सूत्री विभाजन, सूत्र म्हणजे धागाच. मियॉसिस म्हणजे 'कमी होणं', आपला शब्द आणखी नेमका, अर्धगुणसूत्री. क्रोमोसोम म्हणजे नुसता 'रंग घेणारा देह', तर गुणसूत्र हा शब्द त्याचं कामही सांगतो. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहीत जा. 150 शब्दांच्या आसपास जोड्या झाल्या की इंग्रजी पाठ्यपुस्तक अंगावर येत नाही.

आता परासरण. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे पक्कं झालं की वनस्पतींमधलं पाण्याचं वहन, मूत्रपिंड, पानावरची रंध्रं, सगळं सोपं जातं.

घरी कोशिंबिरीसाठी काकडी चोचवतात, मीठ लावतात आणि दहा मिनिटांनी पिळतात. वाटीभर पाणी निघतं. ते पाणी आलं कुठून? वरून तर कुणी घातलं नाही. ते काकडीच्या पेशींमधलं. मीठ काकडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळलं, पेशीच्या बाहेर दाट खारं द्रावण तयार झालं. आत पाणी जास्त, बाहेर पाणी कमी. मधे प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा आहे, ते पाण्याला सहज वाट देतं आणि मिठाला सहजासहजी आत घेत नाही. मग हलणार कोण? पाणीच. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ लावून ठेवतो तेव्हाही हेच. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की बरणीत खार सुटतो, तोही असाच.

आता उलट बाजू. भाजीवाली दुपारी मेथीच्या मरगळलेल्या जुड्यांवर पाणी मारते आणि थोड्या वेळात पानं पुन्हा तरारतात. इथे बाहेर पाणी जास्त, आत द्राव्य, म्हणजे विरघळलेले पदार्थ जास्त, म्हणून पाणी आत शिरतं. पेशी फुगून भित्तिकेला, म्हणजे पटलाबाहेरच्या कडक भिंतीला, आतून रेटते आणि पान ताठ होतं.

तुझ्या मनुकांचं उत्तर आता तूच दे. फुगलेल्या मनुकेच्या आत पाणी जास्त, पाकात कमी. मधल्या पटलातून साखर सहज जात नाही. पाणी बाहेर, मनुका पुन्हा सुरकुतणार. उत्तरपत्रिकेत तीन वाक्यं पुरेत: बाहेरचं द्रावण अतिपरासारी (हायपरटॉनिक, म्हणजे जास्त द्राव्याचं) आहे, म्हणून पाणी निवडक्षम पटलातून बाहेर जाईल, म्हणून मनुका आकसेल. परीक्षकाला ती 'म्हणून' हवी असते. तुझ्या उत्तरात व्याख्या होती, पण मनुका कुठेच नव्हती.

हायपो आणि हायपर या शब्दांत मुलं फार फसतात. हायपो म्हणजे कमी, म्हणून 'हायपोटॉनिक द्रावणात पेशी लहान होते' असं दरवर्षी कुणीतरी लिहितं. शब्द पेशीबद्दल बोलत नाही, बाहेरच्या द्रावणाबद्दल बोलतो, आणि त्यातल्या द्राव्याबद्दल बोलतो. हायपो म्हणजे द्राव्य कमी, अर्थात पाणी जास्त, अर्थात पाणी आत शिरणार. हे इतकं एकदा बोटांवर मोजून बघ. मराठीतले अवपरासारी आणि अतिपरासारी हे शब्दही असेच द्रावणाला लावलेले आहेत.

प्रयोगशाळेत रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळेल तेव्हा घाई करू नकोस. साध्या पाण्यात प्रत्येक पेशी जांभळ्या फरशीसारखी काठोकाठ भरलेली दिसते. काचपट्टीच्या कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोड, दुसऱ्या बाजूने टिपकागद लाव आणि डोळा हलवू नकोस. दोन-चार मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आक्रसतो आणि मधे गोळा होतो. पेशीची चौकट मात्र होती तशीच राहते, कारण भित्तिका कडक आहे. याला रससंकोच म्हणतात.

आता मी मुलींना विचारते, चौकट आणि जांभळा गोळा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय आहे? बहुतेक जणी म्हणतात, हवा. काही म्हणतात, काहीच नाही. गेल्या वर्षी एका मुलीने बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं नाही आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, मिठाचं पाणीच असणार. भिंतीने त्याला अडवलंच नाही ना." तिने अडवणारं कोण हे शोधलं होतं. पेशीभित्तिकेतून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, अडवतं ते आतलं पटल. म्हणून मधल्या जागेत बाहेरचंच द्रावण असतं. हा प्रश्न प्रवेश परीक्षांमध्ये फिरून फिरून येतो, आणि नुसती व्याख्या पाठ असणाऱ्याला तो सुटत नाही. मग पट्टीवर पुन्हा साधं पाणी सोड. फार उशीर झाला नसेल तर जांभळा रंग परत पसरतो.

हीच समज रक्तपेशीला लावून बघ. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर पाणी आत शिरणार, पण तिला भित्तिका नाही, म्हणून ती फुटते. वनस्पतीची पेशी त्याच पाण्यात फुगते, ताठ होते, फुटत नाही. दवाखान्यात शिरेतून देतात ते साधं सलाइन 0.9 टक्के मिठाचं असतं, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 0.9 ग्रॅम. रक्तपेशींना ते समपरासारी असतं, पाण्याची ये-जा सारखी राहते. शेतकऱ्याच्या घरातली असशील तर आणखी एक गोष्ट पाहिली असशील. युरिया बुंध्याशी जास्त पडला की पाणी देऊनही रोप करपतं. मुळाबाहेरच्या मातीत द्राव्य इतकं वाढतं की मुळाला पाणी ओढता येत नाही, उलट मुळातलंच पाणी बाहेर जातं. घरात याला 'खत लागलं' म्हणतात. ते परासरणच.

आणि जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी का देतात? नुसतं पाणी का नाही? आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असतं, ते सोडिअम आणि ग्लुकोज यांना बरोबर आत घेतं. ग्लुकोज असेल तर सोडिअम झपाट्याने आत जातं, आणि त्याच्यामागे परासरणाने पाणी जातं. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपांत भरून रुग्णांना पाजायला लावलं. जिथे शंभरातले तीस दगावत होते तिथे ते प्रमाण चारच्या खाली आलं. मला हा प्रसंग सांगताना दरवेळी भरून येतं. तुझ्या पुस्तकातली पटलावरची अर्धं पान भरणारी आकृती, तिच्यामुळे एवढी माणसं जगली. घरी करायचं प्रमाण लक्षात ठेव: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवलं तर काय होईल याचा अंदाज आता तुला बांधता येईल. आतड्यात बाहेरचं द्रावण दाट झालं की पाणी उलट शरीरातून आतड्यात येणार.

दुसरा घोळ गुणसूत्रांचा. इथे वाचून काही होत नाही, हातांनी करावं लागतं. लाल आणि निळी लोकर घे आणि दुकानातून टिचबटणांचं एक पान आण. लाल धागे आईकडून आलेले, निळे वडिलांकडून. एक लांब लाल, एक लांब निळा, एक आखूड लाल, एक आखूड निळा. ही चार गुणसूत्रं असलेली पेशी. लांब लाल आणि लांब निळा ही सजातीय जोडी, आखुडांची दुसरी.

विभाजनाआधी एस टप्प्यात प्रत्येक धाग्याची नक्कल होते. म्हणून प्रत्येकाला त्याच रंगाचा, तेवढ्याच लांबीचा जोडीदार दे आणि दोघांना टिचबटणाने मधे जोड. हे बटण म्हणजे गुणसूत्रबिंदू. आता नियम एकच: बटणं मोज, धागे मोजू नकोस. बंद बटण म्हणजे एक गुणसूत्र, त्याला जोडलेले दोन धागे म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं (इंग्रजीत क्रोमॅटिड). बटण उघडलं की दोन्ही अर्धे वेगळे मोजायचे, दोन गुणसूत्रं. एस टप्प्यात डीएनए दुप्पट झाला, पण बटणं चारच आहेत, म्हणून गुणसूत्रंही चारच. निम्म्याहून जास्त मुलं इथेच पहिल्यांदा घसरतात.

सूत्री विभाजनात चारही बटणं पेशीच्या मध्यावर एका रांगेत येतात, मग सगळी एकदम उघडतात. टिक, टिक, टिक, टिक. पश्चावस्थेत, म्हणजे धागे दोन टोकांकडे ओढले जातात तेव्हा, पेशीत क्षणभर आठ गुणसूत्रं असतात, चार एका ध्रुवाला, चार दुसऱ्या. दोन्ही पेशींत पुन्हा चार चार, मूळच्यासारखीच.

अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत मात्र एकही बटण उघडायचं नाही. लांब लाल लांब निळ्यासमोर उभा, आखूड लाल आखूड निळ्यासमोर. इथे पारगती होते, म्हणजे समोरासमोरच्या लाल-निळ्या धाग्यांच्या टोकांची अदलाबदल. कात्रीने टोक कापून गाठ मार म्हणजे दिसेल. मग जोडीतला एक इकडे, एक तिकडे. प्रत्येक बाजूला दोनच बटणं, बंद. संख्या निम्मी झाली ती इथे. दुसऱ्या फेरीत बटणं उघडतात, तेव्हा संख्या आणखी कमी होत नाही, धागे वेगळे होतात इतकंच. 'संख्या निम्मी कोणत्या फेरीत होते?' हे विचारलं की दुसऱ्या फेरीचं नाव लिहिणाऱ्या मुलींना मी पुन्हा लोकर हातात देते.

आता खरा प्रश्न. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात. मुळाच्या टोकाच्या पेशीत मध्यावस्थेत, म्हणजे बटणं मध्यावर रांगेत असताना, किती? बटणं 16, अर्धगुणसूत्रं 32. पश्चावस्थेत पेशीत किती? सगळी बटणं उघडली, 32. प्रत्येक ध्रुवाला? 16. परागकण तयार होताना पहिल्या फेरीनंतर प्रत्येक पेशीत किती? 8, पण अर्धगुणसूत्रं 16. परागकणाच्या केंद्रकात? 8. बीजातल्या भ्रूणपोषाच्या, म्हणजे अंकुराला पोसणाऱ्या भागाच्या पेशीत? तो तीन संचांचा असतो, म्हणून 24. प्रश्नात 'पेशीत' आहे की 'प्रत्येक ध्रुवाला' आहे, या एका शब्दावर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं. तो शब्द पेन्सिलने अधोरेखित करायची सवय लाव.

जमलं तर ही स्लाइड स्वतः बनव. कांदा पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर असा ठेव की बूड जेमतेम टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. पुढचं काम, मुळं रसायनात ठेवणं, आम्लात मऊ करणं, रंग देणं, हे कॉलेजात शिक्षकांसमोरच करायचं. शेवटी काचेवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, अंगठा जरा सरकला तर पेशी गुंडाळल्या जातात. पहिल्यांदा पाहशील तेव्हा शेकडो पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतील, त्यांतल्या थोड्याच विभाजनाच्या अवस्थेत. हेही शिकण्यासारखं आहे, कारण पेशीचा बहुतेक वेळ तयारीत जातो. आणि मग एका कोपऱ्यात गुणसूत्रांचे दोन झुपके एकमेकांपासून दूर चाललेले दिसतात. ती पश्चावस्था. ज्या मुलीने ती स्वतः शोधली तिला चार अवस्थांचा क्रम पुन्हा विचारावा लागत नाही.

मेंडेलचं प्रकरण इथेच जोडून वाच, वेगळं ठेवू नकोस. त्याने 1866 मध्ये वाटाण्यांवरचे निष्कर्ष छापले तेव्हा अर्धगुणसूत्री विभाजन कुणी उलगडलेलं नव्हतं. फुलांच्या रंगात दुसऱ्या पिढीत त्याला 705 जांभळी आणि 224 पांढरी झाडं मिळाली, म्हणजे साधारण तीनास एक, नेमकं तीनास एक नाही. हा आकडा सांगते कारण मुली 'चार अपत्यांपैकी एक नक्कीच असं असेल' म्हणून लिहितात. तीनास एक ही शक्यता आहे, चार जणांत तसं होईलच असं नाही. गुणसूत्रं आणि मेंडेलचे घटक यांची सांगड 1902-03 च्या सुमारास सटन आणि बोव्हेरी यांनी घातली. तुझ्या लोकरीच्या पेशीत लांब लाल धाग्याबरोबर आखूड लाल जाईल किंवा आखूड निळा, म्हणून चार प्रकारचे युग्मक, म्हणजे प्रजनन पेशी. माणसात 23 जोड्या, म्हणून दोनचा 23 वा घात, 83,88,608 प्रकार, आणि यात पारगती धरलेलीच नाही. सख्ख्या बहिणी एकसारख्या का नसतात हे तुला आता कुणालाही सांगता येईल.

तिसरा घोळ, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण. यातला अर्धा घोळ 'श्वास' या शब्दाचा आहे. नाकातून हवा आत-बाहेर करणं म्हणजे श्वासोच्छ्वास. श्वसन पेशीत होतं, ग्लुकोजचं विघटन करून ऊर्जा काढणं म्हणजे श्वसन. झाडांना फुप्फुसं नाहीत, पण प्रत्येक जिवंत पेशीत तंतुकणिका आहे आणि श्वसन दिवसरात्र चालू आहे. दिवसा उजेडात त्याच्या जोडीला हरितलवकात प्रकाशसंश्लेषणही चालतं, आणि ते जोरात असतं म्हणून एकूण ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात' हे वाक्य वहीत कुठे असेल तर आजच खोड.

इथे हलतो तो कार्बन. अंगणातला आंबा पन्नास वर्षांत एवढा मोठा झाला, ते लाकूड आलं कुठून? मुली म्हणतात, मातीतून. सतराव्या शतकात व्हॅन हेलमाँटने हेच तपासलं. सुमारे 5 पौंडांचं विलोचं रोप 200 पौंड कोरड्या मातीत लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे 169 पौंडांचं आणि माती घटली अवघी दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की सगळं पाण्यातून आलं. प्रयोग सुंदर होता, पण हवेचा हिशेब राहून गेला. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मग बाहेर पडणारा ऑक्सिजन कुणाचा? कार्बन डायऑक्साइडचा वाटतो, पण तो पाण्याचा. 1941 मध्ये रुबेन आणि कामेन यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक वापरून हे दाखवलं. दोन्ही गोष्टी परीक्षेत विचारल्या जातात.

श्वसनाचे टप्पे लिहिताना जागा सोबत लिही. ग्लायकोलिसिस पेशीद्रव्यात, ऑक्सिजन लागत नाही, सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट आणि निव्वळ दोन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू). पुढचं सगळं तंतुकणिकेत. एकूण एटीपी किती यावर मुली भांडतात, कारण जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 आहेत आणि नव्या मोजणीत 30 ते 32. ज्या परीक्षेला बसतेस तिच्या नेमलेल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिही. आता एक प्रश्न: आपल्या तांबड्या रक्तपेशी शरीरभर ऑक्सिजन वाहून नेतात, पण पक्व पेशीत तंतुकणिका नसते. मग त्यांना स्वतःची ऊर्जा कुठून मिळते? जागेचा विचार कर. फक्त ग्लायकोलिसिसमधून. वाहून नेत असलेला ऑक्सिजन त्या स्वतः वापरत नाहीत.

वर्गीकरण, वनस्पतींची कुळं, संप्रेरकांची नावं, शास्त्रज्ञांची सालं, हे मात्र पाठच करावं लागतं. त्याला रोज वीस मिनिटं, शक्यतो झोपण्याआधी, आणि सकाळी न बघता लिहून काढायचं. एवढंच.

परीक्षेबद्दल. नीटमध्ये 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. सीईटीत जीवशास्त्राचे 100 प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के असतो. नीटमध्ये तो खूपच मोठा आहे, म्हणून अकरावी 'नंतर बघू' म्हणून सोडलीस तर बारावीत भरून निघत नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, अर्ज भरतानाच निवडावी लागते, सोबत इंग्रजी असतं आणि मतभेद झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. माझं मत विचारशील तर वर्षभर इंग्रजीतून वाचत असशील तर पेपर इंग्रजीच घे, विचार मात्र मराठीत कर. पण इंग्रजीतला प्रश्न समजायलाच वेळ जात असेल तर मराठी निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

सराव चाचणीनंतर चुकांची वही ठेव. त्यात बरोबर उत्तर उतरवून काढू नकोस, त्याने काही होत नाही. प्रश्नातला कोणता शब्द सुटला किंवा कोणता अंदाज उलटा बांधला गेला, ते एका ओळीत लिही. 'ध्रुवाला वाचलं नाही.' 'हायपो पेशीला लावलं.' अंदाजपंचे बरोबर आलेलं उत्तरही त्याच वहीत घाल, कारण ते तुला येत नव्हतं. महिन्याभरात दिसेल की तुझ्या चुका पाच-सहा प्रकारच्याच आहेत. आकृत्या रोज एक, पुस्तक बंद करून. नावं देताना रेषा नेमकी त्या भागाला टेकली पाहिजे, पटलाची रेषा भित्तिकेवर संपली तर गुण जातो.

येत्या रविवारी घरी काकडी चिरतील तेव्हा तीन वाट्या घे. एकीत मीठ, दुसरीत तेवढ्याच वजनाची साखर, तिसरीत काहीच नाही. कोणत्या वाटीत किती पाणी सुटेल आणि का, हे आधी वहीत लिही. एक इशारा देते: एका वजनात कणांची संख्या सारखी नसते, आणि मीठ पाण्यात गेलं की त्याचे दोन तुकडे होतात. वीस मिनिटांनी पाणी चमच्याने मोज, आणि तुझा अंदाज आणि आकडे दोन्ही मला लिहून पाठव.